'प्रश्न विचारू नयेत': डोव्हरच्या वर्गातला डार्विन

१८ जानेवारी २००५. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या डोव्हर नावाच्या लहानशा गावातलं हायस्कूल. नववीच्या जीवशास्त्राच्या तासाला त्या दिवशी शिक्षकांऐवजी शाळेच्या प्रशासनातले अधिकारी वर्गात आले. शिक्षक बाहेर जाऊन उभे राहिले होते. काही मुलंही उठून बाहेर गेली होती. उरलेल्या मुलांसमोर अधिकाऱ्यांनी चार परिच्छेदांचं एक निवेदन वाचून दाखवलं. त्याचा आशय साधारण असा होता: डार्विनचा सिद्धांत ही एक 'थिअरी' आहे, वस्तुस्थिती नव्हे. त्यात उणिवा आहेत. जीवसृष्टी कशी झाली याचं 'इंटेलिजन्ट डिझाइन' नावाचं वेगळं स्पष्टीकरणही आहे. ज्यांना अधिक वाचायचं असेल त्यांच्यासाठी 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पुस्तक शाळेत ठेवलं आहे.

शेवटी आणखी एक सूचना होती. या विषयावर वर्गात चर्चा होणार नाही आणि शिक्षक या विषयावरच्या प्रश्नांना उत्तरं देणार नाहीत.

विज्ञानाच्या तासाला प्रश्न विचारायला बंदी. डोव्हरची पुढची सगळी गोष्ट या एका सूचनेभोवती फिरते. जो विचार नववीच्या मुलांच्या प्रश्नांपासून जपून ठेवला होता, त्याला त्याच वर्षी कोर्टात शपथेवर सहा आठवडे प्रश्नांना सामोरं जावं लागलं.

निवेदनामागची गोष्ट

डोव्हरमध्ये धुसफूस आधीपासून होती. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने माणसाच्या उत्क्रांतीचं एक लांबलचक चित्र काढून विज्ञानाच्या वर्गाला भेट दिलं होतं. २००२ साली ते वर्गातून काढून जाळण्यात आलं. पुढे जीवशास्त्राचं नवं पाठ्यपुस्तक निवडायची वेळ आली, तेव्हा स्कूल बोर्डातल्या काही सदस्यांनी तक्रार केली की या पुस्तकात पानोपानी डार्विनच आहे. अमेरिकेत गावोगावचं स्कूल बोर्ड लोकांनी निवडून दिलेलं असतं आणि शाळेत काय शिकवायचं यात त्याचा शब्द मोठा असतो. १८ ऑक्टोबर २००४ रोजी बोर्डाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव केला की मुलांना डार्विनच्या सिद्धांतातल्या उणिवांची आणि इंटेलिजन्ट डिझाइनची जाणीव करून द्यायची. विरोधात मत देणाऱ्यांपैकी दोघांनी राजीनामे दिले.

जीवशास्त्राच्या शिक्षकांनी निवेदन वाचायला लेखी नकार दिला. राज्याच्या नियमांनुसार शिक्षकाने आपला विषय जाणूनबुजून चुकीचा मांडायचा नसतो, आणि हे निवेदन वाचणं म्हणजे तेच करणं होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याआधीच, डिसेंबर २००४ मध्ये, अकरा पालक कोर्टात गेले होते. पहिलं नाव टॅमी किट्झमिलर यांचं होतं, म्हणून हा खटला 'किट्झमिलर विरुद्ध डोव्हर' या नावाने ओळखला जातो.

घड्याळ आणि घड्याळजी

इंटेलिजन्ट डिझाइनवाल्यांचा मूळ युक्तिवाद जुना आहे, आणि तो मूर्खपणाचा मुळीच नाही. १८०२ साली विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकाने तो असा मांडला: माळरानावर चालताना दगड दिसला तर आपल्याला काही वाटत नाही. पण घड्याळ सापडलं तर? त्यातली चाकं, दाते, स्प्रिंग एकमेकांशी इतकी जुळलेली असतात की हे कोणीतरी घडवलंय असंच आपण म्हणू. मग घड्याळापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा आपला डोळा आपोआप कसा होईल?

केंब्रिजमध्ये शिकताना तरुण चार्ल्स डार्विनने पेलीचं लेखन वाचलं होतं आणि ते त्याला मनापासून आवडलं होतं. पेलीचा प्रश्न त्याने कधी झटकला नाही, त्याचं उत्तर शोधलं. १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये त्याने दाखवलं की पिढ्यानपिढ्या छोटे फरक पडत जातात, त्यातले उपयोगी फरक टिकतात, आणि असे टिकलेले फरक साचत गेले की रचनाकाराशिवायही रचना उभी राहते. प्रकाशाला नुसता प्रतिसाद देणाऱ्या पेशींच्या ठिपक्यापासून भिंग असलेल्या डोळ्यापर्यंतच्या मधल्या पायऱ्या आजही वेगवेगळ्या प्राण्यांत पाहायला मिळतात. शिवाय आपला डोळा एखाद्या निष्णात कारागिराने घडवल्यासारखाही नाही. आपल्या दृष्टिपटलातल्या नसा प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या पुढच्या बाजूने जातात आणि एका ठिकाणी भोक पाडून मागे निघतात. तिथे आपल्याला काहीच दिसत नाही. ऑक्टोपसच्या डोळ्यात नसा मागून जातात, त्यामुळे त्याला हा आंधळा ठिपका नाही. नव्याने आराखडा काढणारा असं कशाला करेल? पण आधी जे हाताशी होतं त्यातच डागडुजी होत गेली असेल, तर हे समजण्यासारखं आहे.

दार बंद झालं की नवं नाव

अमेरिकेत हा वाद वर्गात आणि कोर्टात एकदमच पोचला. १९२५ साली टेनेसी राज्याने सरकारी शाळांत माणसाची उत्क्रांती शिकवणं हा गुन्हा ठरवला. जॉन स्कोप्स या शिक्षकाला १०० डॉलर दंड झाला. पुढे तो तांत्रिक कारणावरून रद्द झाला, पण कायदा १९६७ पर्यंत टिकला. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी घटनाबाह्य ठरवली, कारण अमेरिकेच्या घटनेनुसार सरकारी यंत्रणेला कुठल्याही धर्माची बाजू घेता येत नाही.

बंदी घालता येईना, तेव्हा 'दोन्ही शिकवा' ही मागणी पुढे आली. बायबलमधल्या निर्मितीकथेला 'क्रिएशन सायन्स' हे नाव मिळालं. लुइझियाना राज्याने कायदा केला की उत्क्रांती शिकवायची असेल तर क्रिएशन सायन्सही शिकवा. जून १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तोही रद्द केला. यानंतर 'इंटेलिजन्ट डिझाइन' हे नाव शाळांच्या दाराशी दिसू लागलं. त्यात देवाचा उल्लेख नव्हता. फक्त एक 'बुद्धिमान कर्ता' होता आणि तो कोण, यावर मौन होतं.

हे नुसतं योगायोगाने घडलं का? डोव्हरच्या खटल्यात याचं उत्तर मिळालं.

फाइंड अँड रिप्लेस

पालकांच्या वकिलांनी 'ऑफ पांडाज अँड पीपल' या पुस्तकाचे जुने कच्चे खर्डे कोर्टामार्फत मागवून घेतले. बार्बरा फॉरेस्ट या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिकेने ते एकमेकांशी ताडून पाहिले. १९८७ च्या निकालाआधीच्या खर्ड्यांत 'क्रिएशन'ची व्याख्या होती. सजीवांचे वेगवेगळे प्रकार एका बुद्धिमान निर्मात्याकडून अचानक, आपापल्या वैशिष्ट्यांसह तयार अवस्थेतच आले, असा तिचा आशय होता. निकालानंतरच्या खर्ड्यात तीच व्याख्या जवळपास शब्दशः होती, फक्त 'क्रिएशन'च्या जागी 'इंटेलिजन्ट डिझाइन' आलं होतं. असे बदल सुमारे दीडशे ठिकाणी होते.

एका ठिकाणी घाई नडली. 'क्रिएशनिस्ट्स' हा शब्द काढून 'डिझाइन प्रोपोनन्ट्स', म्हणजे डिझाइनचे पुरस्कर्ते, असं टाकायचं होतं. पण जुन्या शब्दाचं पहिलं अक्षर पुढे आणि शेवटची अक्षरं मागे तशीच राहिली, आणि मधे नवा शब्द अडकला. तयार झालं 'सीडिझाइन प्रोपोनन्टसिस्ट्स'. कुठल्याच शब्दकोशात नसलेला हा शब्द कोर्टात पुरावा म्हणून आला. जीवाश्मांत मधल्या पायऱ्या दाखवा, असं सतत म्हणणाऱ्यांच्याच पुस्तकात मधली पायरी सापडली होती.

उंदराचा सापळा

पण नाव बदललं म्हणून युक्तिवाद खोटा ठरत नाही. तो वेगळा तपासायला हवा, आणि कोर्टाने तो तपासला.

बोर्डाच्या बाजूचे मुख्य साक्षीदार होते लीहाय विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ मायकल बीही. १९९६ सालच्या 'डार्विन्स ब्लॅक बॉक्स' या पुस्तकात त्यांनी म्हटलं होतं की काही जैविक यंत्रणा 'इर्रिड्युसिबली कॉम्प्लेक्स' असतात, म्हणजे त्यातला एक भाग काढला की सगळं बंद पडतं. त्यांचं आवडतं उदाहरण होतं उंदराचा सापळा. फळी, स्प्रिंग, दांडा, यातलं काहीही काढा, उंदीर सापडणार नाही. मग अर्धवट सापळा टिकून हळूहळू पूर्ण सापळा कसा होईल? तसंच जिवाणूच्या शेपटीचं, रक्त गोठण्याच्या प्रक्रियेचं आणि आपल्या प्रतिकारयंत्रणेचं.

याला उत्तर दिलं ब्राउन विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर यांनी. योगायोग असा की डोव्हरमध्ये वापरात असलेल्या जीवशास्त्राच्या पुस्तकाचे ते सहलेखक होते. अर्धा सापळा उंदीर पकडणार नाही हे खरं, पण तो दुसऱ्या कामाला येऊ शकतो. मिलर आपल्या व्याख्यानांत सापळ्याचे दोन भाग काढून उरलेल्याची टायपिन करून दाखवत. जिवाणूच्या शेपटीतही असंच दिसतं. तिच्या तळाशी असलेल्या प्रथिनांसारखीच प्रथिनं काही जिवाणूंत दुसऱ्या पेशींत विष टोचणाऱ्या सुईसारख्या यंत्रणेत काम करतात. शेपटी नाही, तरी यंत्रणा चालू. रक्त गोठवणाऱ्या साखळीतला एक घटक देवमाशांत आणि डॉल्फिनमध्ये नसतो, तरी त्यांचं रक्त व्यवस्थित गोठतं. उत्क्रांती जुने भाग नव्या कामाला लावते, आणि हेच बीहींच्या हिशेबात धरलेलं नव्हतं.

मग प्रतिकारयंत्रणेची पाळी आली. ती कशी विकसित झाली याची उत्तरं विज्ञानाकडे नाहीत, असं बीहींनी लिहिलं होतं. उलटतपासणीत वकील एरिक रॉथशील्ड यांनी त्यांच्यासमोर याच विषयावरचे ५८ शोधनिबंध, नऊ पुस्तकं आणि पाठ्यपुस्तकांतली प्रकरणं रचून ठेवली. बीहींचं उत्तर होतं की एवढं पुरेसं नाही. उलट, इंटेलिजन्ट डिझाइनने कुठली जैविक यंत्रणा प्रत्यक्षात कशी घडवली हे तपशिलाने सांगणारा एकही समीक्षित शोधनिबंध नाही, हे त्यांना मान्य करावं लागलं. विज्ञानाची त्यांनी केलेली सैल व्याख्या लावली तर फलज्योतिषही वैज्ञानिक सिद्धांतात मोडेल, हेही त्यांनी कबूल केलं.

इंटेलिजन्ट डिझाइनचा खरा कच्चा दुवा इथे होता. 'हे अजून उलगडलेलं नाही' यावरून 'म्हणजे कोणीतरी घडवलं' अशी उडी ते मारत होते. विज्ञानात न उलगडलेली जागा म्हणजे पुढच्या कामाची जागा असते. तिथे उत्तर म्हणून 'कर्ता' बसवला की शोध थांबतो. आणि त्या कर्त्याबद्दल एकही प्रश्न विचारायचा नसेल, तर बरोबर-चूक ठरवायचं कसं?

पुरावा कसा दिसतो

मिलर यांनी कोर्टात दिलेलं एक उदाहरण दहावीच्या मुलालाही समजेल. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटानमध्ये २४. आपला पूर्वज समान असेल, तर एक जोडी कुठे गेली? एवढी जनुकं नुसती हरवून चालणार नाही, जीवच जगणार नाही. मग एकच शक्यता उरते: दोन गुणसूत्रं एकमेकांना जोडली गेली असावीत. तसं असेल तर खूण सापडायला हवी. बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लास्टिकचं टोपण असतं, तसं गुणसूत्राच्या टोकाला टेलोमिअर असतं. म्हणजे माणसाच्या एका गुणसूत्राच्या मध्यभागी, जिथे असायचं काही कारण नाही तिथे, टेलोमिअर सापडायला हवं. ते सापडलं. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात जोड दिसतो, आणि जास्तीच्या सेंट्रोमिअरची खूणही दिसते. सिद्धांताने आधी सांगितलं आणि नंतर ते तसंच निघालं. चूक निघण्याची शक्यता असूनही बरोबर निघालं, म्हणून त्याला वजन आहे.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं. 'पांडाज'मध्ये म्हटलं होतं की जमिनीवरचे सस्तन प्राणी आणि देवमासे यांच्या मधले जीवाश्म नाहीत. जीवाश्मतज्ज्ञ केव्हिन पेडियन यांनी कोर्टात ती मालिकाच दाखवली. तिच्या सुरुवातीचे पाकिसेटस आणि अँब्युलोसेटस पाकिस्तानात सापडलेले आहेत. कच्छच्या खडकांतूनही प्राचीन देवमाशांचे जीवाश्म मिळाले आहेत. खटल्यानंतर दोन वर्षांनी, २००७ साली, आणखी एक कडी जुळली. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटचे खडक ए. रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकाने अनेक वर्षं आधी गोळा करून ठेवले होते. त्यांच्या निधनानंतर ते हान्स थेविसेन या संशोधकाकडे गेले. प्रयोगशाळेत एक कवटी चुकून फुटली आणि तिच्यातलं कानाचं हाड देवमाशांसारखं जाड असल्याचं दिसलं. हरणासारख्या दिसणाऱ्या, मांजराएवढ्या त्या प्राण्याचं नाव इंडोह्यूस.

निकाल

२० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानांचा निकाल दिला. इंटेलिजन्ट डिझाइन हे विज्ञान नाही, ते सृष्टिनिर्मितीवादाचंच नवं रूप आहे आणि बोर्डाचं धोरण घटनाबाह्य आहे. बोर्डातले काही सदस्य आपला धार्मिक हेतू लपवण्यासाठी शपथेवर खोटं बोलले, अशी नोंदही त्यांनी केली. 'पांडाज'च्या साठ प्रती कुठून आल्या हे माहीत नाही असं सांगितलं गेलं होतं. प्रत्यक्षात बोर्डाच्याच एका सदस्याने चर्चमध्ये वर्गणी गोळा केली होती.

या निकालाला 'नास्तिकांचा विजय' म्हणणं मात्र चुकीचं ठरेल. जोन्स हे रिपब्लिकन पक्षाचे, जॉर्ज बुश यांनी नेमलेले न्यायाधीश होते. मिलर श्रद्धाळू कॅथलिक. खटला लढवणाऱ्या पालकांत नियमित चर्चला जाणारे लोक होते. त्यांचा देवावर आक्षेप नव्हता. मुलांना विज्ञानाच्या नावाखाली भलतंच शिकवू नका, एवढंच त्यांचं मागणं होतं. निकालाच्या आधीच, नोव्हेंबरच्या निवडणुकीत, डोव्हरच्या मतदारांनी फेरनिवडणुकीला उभ्या राहिलेल्या आठही सदस्यांना घरी बसवलं होतं. वादींच्या वकिलांचे सुमारे दहा लाख डॉलर मात्र त्याच गावाच्या शाळांच्या पैशातून गेले.

आणि आपल्याकडे

जानेवारी २०१८. औरंगाबादमध्ये एका वैदिक संमेलनासाठी आलेले तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री आणि मुंबईचे माजी पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, तो अभ्यासक्रमातून बदलायला हवा. कारण? माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचं सांगितलेलं किंवा लिहिलेलं नाही. देशातल्या तिन्ही प्रमुख विज्ञान अकादमींनी याला जाहीर विरोध केला.

'कोणी पाहिलं नाही' हा युक्तिवाद एका माजी पोलीस अधिकाऱ्याकडून यावा हे विशेष. गुन्हा होताना न्यायाधीशाने कुठे पाहिलेला असतो? बोटांचे ठसे, डीएनए, कागदपत्रं यांवरूनच निकाल लागतो. आणि चिंपांझीपासून माणूस झाला असं उत्क्रांती म्हणतही नाही. चिंपांझी हा आपला आजोबा नव्हे, चुलत भाऊ. शिवाय उत्क्रांती चालू असताना आपण पाहतोच. औषधांना न जुमानणारे जिवाणू आणि कोविडचे डेल्टा, ओमिक्रॉन हे अवतार आपल्या डोळ्यांदेखत आले.

'अवतार' म्हटल्यावर तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेजही आठवतो: मत्स्य, कूर्म, वराह... दशावतार म्हणजे उत्क्रांतीच! गंमत म्हणून ठीक आहे. पण उत्क्रांती ही माणसापाशी संपणारी शिडी नाही, ती फांद्या फुटत गेलेलं झाड आहे. आणि दशावतारांच्या कथेतून गुणसूत्राचा जोड कुठे सापडेल हे आधी सांगता येत नाही.

२०२३ च्या एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' हा धडा फक्त 'आनुवंशिकता' एवढाच उरला. कोविडनंतर मुलांवरचा भार कमी करायचा होता आणि बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहेच, असं स्पष्टीकरण दिलं गेलं. १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि नागरिकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलांची उत्क्रांतीशी शाळेत गाठच पडणार नाही, ही त्यांची काळजी होती. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा तुमच्यापैकी अनेकांनी वाचला असेल. परीक्षेपुरता का होईना, तो तुमच्या वाट्याला आला.

डोव्हरच्या निवेदनातली 'ही फक्त थिअरी आहे' ही पळवाट इंग्रजी बोलण्यातून आली. तिथे रोजच्या भाषेत 'थिअरी' म्हणजे अंदाज. मराठीत आपण 'सिद्धांत' म्हणतो. कसोटीवर सिद्ध होऊन शेवटी उरतं ते. निदान या एका बाबतीत आपली भाषा आपल्याला आधीच सावध करते. 'पण ती फक्त थिअरी आहे ना?' असं कोणी म्हणालं, तर त्याला एवढंच विचारायचं: तुमचं म्हणणं चूक आहे हे कशावरून कळेल? डार्विनच्या बाजूच्या लोकांनी कोर्टात याचं उत्तर दिलं होतं. समोरच्यांना ते देता आलं नाही.

डोव्हरच्या त्या शिक्षकांनी काही क्रांती केली नाही. आपला विषय जाणूनबुजून चुकीचा मांडणारा कागद आम्ही वाचणार नाही, एवढंच ते म्हणाले आणि वर्गाबाहेर जाऊन उभे राहिले. निवेदन संपल्यावर ते आत आले आणि त्यांनी तास सुरू केला.